एकवीस हजारांची रेघ

आमच्या हिंगोली जिल्ह्यात निराधार योजनेच्या पैशाला कुणी अनुदान म्हणत नाही. 'पगार' म्हणतात. "सायेब, पगार कवा पडंल?" असं विचारत सत्तरीची म्हातारी टेबलापाशी येऊन उभी राहते, तेव्हा नवा कारकून गोंधळतो. मीही गोंधळलो होतो. शासनाच्या कागदावर ती 'संजय गांधी निराधार अनुदान योजना', १९८० साली सुरू झालेली. कचेरीत आम्ही तिला 'संगायो' म्हणायचो. त्या म्हातारीसाठी मात्र तो पगारच होता. जन्मभर तिनं लोकांच्या शेतात खुरपलं, कापूस वेचला, पण महिन्याच्या महिन्याला नावावर पैसे पडावेत असं तिच्या आयुष्यात पहिल्यांदाच घडत होतं.

हिंगोली जिल्हा परभणीतून वेगळा झाला तो १ मे १९९९ ला. तेव्हा मी कारकून होतो. परभणीहून दप्तराचे रुमाल टेंपोत भरून आले आणि आम्ही ते जमिनीवर सोडून पाचही तालुक्यांच्या नस्त्या वेगळ्या करत बसलो: हिंगोली, सेनगाव, कळमनुरी, वसमत, औंढा नागनाथ. पुढं २०२४ मध्ये निवृत्त होईपर्यंत नोकरीतला बराच काळ दोनच टेबलांवर गेला. एक संगायोचं, दुसरं रोजगार हमीचं. खाली जे किस्से सांगतो ते कुठल्या तालुक्यातले, कुठल्या गावचे, हे मुद्दाम लिहीत नाही. माणसं हयात आहेत, आणि त्यांना पुन्हा कुणी कागदावर आणू नये अशी माझी इच्छा आहे.

ही दोन टेबलं तहसीलच्या एकाच इमारतीत असतात. एका कचेरीत तर त्यांच्यामध्ये फक्त एक लोखंडी कपाट होतं. कपाटाच्या अलीकडं, जिला कुणाचा आधार नाही तिला मदत. पलीकडं, जिला काम हवं तिला काम. बाई तीच असायची. अलीकडून पलीकडं जाताना तिचं काय होतं, हे विचारायचं काम मात्र दोन्ही टेबलांवरच्या कुणाकडंच नव्हतं. मी दोन्हीकडं बसलो, म्हणून मला ते दिसलं. तेही उशिरा दिसलं.

आधी दाखल्याचं सांगतो. निराधार ठरायचं तर दारिद्र्यरेषेच्या यादीत नाव लागतं, आणि आमच्याकडं चालायची ती यादी २००२ च्या सर्वेक्षणाची. त्यानंतर लग्न होऊन आलेली, त्यानंतर विधवा झालेली बाई त्यात सापडायची कशी? मग दुसरा रस्ता, उत्पन्नाचा दाखला. सगळ्या कुटुंबाचं मिळून वर्षाचं उत्पन्न २१,००० रुपयांच्या आत पाहिजे. आमच्या भाषेत ही 'रेघ'. माझ्या टेबलावरून जे दाखले गेले त्यांवर १८,०००, २०,००० आणि २१,००० हे तीन आकडे फिरून फिरून यायचे. तलाठ्यांना मी कधी दोष दिला नाही. ओट्यावर बसून, घरात डोकावून, लेकरांकडं पाहून ते परत यायचे आणि रेघेच्या आतला आकडा लिहायचे. वरचा लिहिला तर त्या घराची चूल काय होईल हे त्यांनी डोळ्यांनी पाहिलेलं असायचं.

२१,००० ला ३६५ नं भागून बघा. साडेसत्तावन रुपये रोज. तेही एका माणसाचे नव्हेत, सगळ्या घराचे.

आता कपाटाच्या पलीकडं या. महाराष्ट्राची रोजगार हमी देशाच्या कितीतरी आधीची. वि. स. पागे यांनी १९६५ मध्ये सांगली जिल्ह्यात विसापूरला तिचा पहिला प्रयोग केला. १९७२ च्या दुष्काळात खडी फोडून, पाझर तलावाची माती वाहून मराठवाड्यातल्या बायांनी घरं जगवली. पुढं कायदा झाला आणि २६ जानेवारी १९७९ पासून तो लागू झाला. या योजनेच्या खर्चासाठीचा व्यवसाय कर कायद्याच्याही आधी आला होता. माझ्या पगारातून तो दरमहा २०० रुपये आणि फेब्रुवारीत ३०० असा कापला जायचा, वर्षाला २,५००. सहकारी कुरकुरायचे. मला तो कधी जड वाटला नाही, कारण तो कुणासाठी आहे हे कपाटापलीकडं रोज दिसत होतं.

मग केंद्राचा कायदा आला. २ फेब्रुवारी २००६ ला त्याचा पहिला टप्पा सुरू झाला तेव्हा महाराष्ट्रातले १२ जिल्हे त्यात होते आणि त्यात आमचं हिंगोली होतं. शंभर दिवसांची हमी केंद्राची होती. त्यापुढं कुणी काम मागितलं तर राज्याच्या कायद्यानं राज्यानं द्यायचं.

मजुरीचे दर दरवर्षी एप्रिलच्या सुमारास यायचे. ते फळ्यावर लिहिण्याचं काम माझ्याकडं होतं. २०११ मध्ये १२७ रुपये. शंभर दिवसांचे झाले १२,७००, म्हणजे रेघेच्या बरेच आत. २०१९-२० ला २०६ रुपये, शंभर दिवसांचे २०,६००. रेघेच्या आत, पण जेमतेम चारशे रुपयांनी. २०२०-२१ ला २३८ रुपये, आणि शंभर दिवसांचे २३,८००. त्या वर्षी फळ्यावर आकडा लिहिताना माझा हात थांबला. निराधार बाईनं सरकारनंच दिलेली हमी पुरी वापरली, तर सरकारच्याच व्याख्येप्रमाणे ती निराधार उरत नव्हती. दोन टेबलांनी एकमेकांकडं न बघता तिला मधल्या कपाटावर आपटलं होतं. मी निवृत्त झालो त्या वर्षी दर २९७ रुपये होता, शंभर दिवसांचे २९,७००. रेघ २१,००० वरच होती.

बाया हा हिशोब कागदावर करत नव्हत्या, पण त्यांना तो पक्का ठाऊक होता. त्याचा अनुभव मला २०११ च्या उन्हाळ्यात आला.

मातीकामावर अचानक तपासणी होती. साहेबांबरोबर मी मस्टर घेऊन गेलो. उन्हाचा चटका असा की फावड्याचा दांडा हातात धरवत नव्हता. चौकड्या आखलेल्या होत्या आणि प्रत्येकीच्या मधोमध खोली मोजण्यासाठी मातीचा खुंट ठेवलेला होता. एका चौकडीतलं काम फार नेटकं होतं, कडा दोरी लावून कापल्यासारख्या. मस्टरवर त्या जागी बहात्तर वर्षांच्या बाईचं नाव. खड्ड्यात मात्र तिशीतली बाई उभी, पदर डोक्याला घट्ट गुंडाळलेला. साहेबांनी नाव विचारलं. ती गप्प. मुकादम गप्प. बाजूच्या बाया खाली बघून माती ओढायला लागल्या. शेवटी ती म्हणाली, "सासूबाई दुखण्याला पडल्यात. त्यांच्या बदली आले."

साहेबांनी लाल शाईनं त्या ओळीवर रेघ मारली. नियमानं ते बरोबर होतं. एकाच्या नावावर दुसऱ्यानं काम करणं हा गुन्हाच. पण त्या आठवड्यात खोदलेल्या मातीची मजुरी कुणाच्याच नावावर लागली नाही.

निघताना मी पाण्याच्या रांजणापाशी थांबलो, तर ती माझ्यामागं आली. तिला मी ओळखत होतो. तिची नस्ती माझ्याच टेबलावर मंजूर झाली होती. ती म्हणाली, "भाऊसाहेब, हितं माझं नाव लागलं तर तिथलं तुटंल, म्हणून सासूचं लावलं."

मी तिला म्हणालो, "माय, तिथं सहाशे मिळतात महिन्याला. इथं रोज एकशे सत्तावीस. कुठलं मोठं?"

तिनं जे सांगितलं ते मी कुठल्याही प्रशिक्षणात ऐकलं नव्हतं. इथला हप्ता कधी महिन्यानं पडतो, कधी दोन महिन्यांनी. पाऊस पडला की काम बंद. "त्या सहाशावर किराणावाला उधार देतो. त्याला ठावं हाये, हिला पगार हाये. तो तुटला की त्याची वही बंद." सहाशे रुपयांचं मोल सहाशे नव्हतं. तिच्या नावाची ती पत होती. मिरची, तेल, लेकराचं औषध, सगळं त्या एका कागदावर उभं होतं. मजुरी पंधरा दिवसांत मिळाली पाहिजे असं कायदा सांगत होता, पण ती वेळेवर मिळेल यावर किराणावाल्याचा विश्वास नव्हता. एक घट्ट धरलेली फांदी सोडून दुसरी पकडायची, आणि दुसरी अजून हाताला लागलेली नाही. तिच्या जागी मी असतो तर मीही सोडली नसती.

नंतर आधार आलं, हजेरीचं मोबाइल ॲप आलं, जानेवारी २०२३ पासून कामावरच्या मजुरांचा दिवसातून दोनदा फोटो सक्तीचा झाला. सासूच्या नावावर सुनेनं माती खोदणं आता सोपं राहिलेलं नाही. भ्रष्टाचाराला जेवढा आळा बसला, तेवढं चांगलंच झालं. पण त्या सुनेच्या अडचणीचं उत्तर कुठल्या ॲपमध्ये आलेलं नाही.

दुसरा किस्सा मला अजून झोपू देत नाही. तो सविस्तर सांगितला पाहिजे.

साधारण २०१७ चं साल. राज्यात ग्रामीण जीवनोन्नती अभियान, म्हणजे आपली 'उमेद', २०११ पासून सुरू झालेली. गावोगाव बचतगट उभे राहिले होते. गटाला फिरता निधी मिळायचा, तेव्हा १५,००० रुपयांपर्यंत, आणि नियमित बचत केली की बँकेचं कर्ज. एका गावच्या गटात बारा बाया. त्यातली एक विधवा, पदरात दोन लेकरं, संगायोची लाभार्थी. तिनं गटातून उचल घेतली, पुढं बँक कर्जातला वाटा घेतला आणि हळद-मिरची दळायची छोटी चक्की बसवली. आमच्याकडं हळद अमाप. वसमतच्या हळदीला २०२४ मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं, पण तिचं नाव त्याच्या आधीपासून दूरवर पोहोचलेलं. ही बाई शेतकऱ्याकडून हळद घ्यायची, दळायची, पाव-पाव किलोच्या पुड्या बांधायची आणि आठवडी बाजारात विकायची. नर्सी नामदेवच्या यात्रेतही पाल टाकायची. माझ्या घरीही तिचीच हळद यायची. वास घरभर राहायचा.

एकदा प्रदर्शन भरलं. आयोजकांनी यशकथांचे फ्लेक्स लावले, त्यात हिचा फोटो. चक्कीच्या शेजारी उभी, हातात पुडी, चेहऱ्यावर हसू. खाली मोठ्या अक्षरात: 'वार्षिक उत्पन्न ७२,००० रुपये'. तोच फोटो एका पुस्तिकेतही आला.

महिनाभरात कचेरीत तक्रार अर्ज आला. निनावी. सोबत पुस्तिकेचं पान जोडलेलं. 'सदर महिला कमावती असून शासनाची फसवणूक करीत आहे.' तपासणीचा आदेश निघाला आणि टिपणी लिहायला नस्ती माझ्याकडं आली.

७२,००० ही तिची उलाढाल होती. बाजारात तिच्या हातात आलेला एकूण पैसा. त्यातून हळद-मिरचीचे पैसे शेतकऱ्याला, वीजबिल, पिशव्या, बाजारात जाण्या-येण्याचं भाडं, कर्जाचा हप्ता वजा केला तर तिच्याकडं महिन्याला पंधराशे-अठराशे उरत असतील. म्हणजे ती रेघेच्या अगदी कडेला उभी होती. ज्यानं फ्लेक्स लिहिला त्याला उलाढाल आणि उत्पन्न यातला फरक कळला नाही किंवा समजून घ्यावासा वाटला नाही. मला तो कळत होता. वडिलांचं किराणा दुकान होतं, गल्ल्यात आलेला पैसा आपला नसतो हे मी लहानपणी शिकलो होतो. टिपणीत ते एक वाक्य लिहिणं माझ्या हातात होतं. मी लिहिलं नाही. छापील कागद समोर होता, तक्रारीचा धाक होता, टेबलावर अशा चाळीस नस्त्या होत्या. मी लिहिलं, 'प्राप्त कागदपत्रांवरून वार्षिक उत्पन्न विहित मर्यादेपेक्षा अधिक असल्याचे दिसून येते. नाव वगळण्याबाबत निर्णय व्हावा.' लाभार्थी ठरवणाऱ्या समितीच्या बैठकीत तिचं नाव इतर नावांबरोबर एका ओळीत निघालं.

तिला नोटीस मिळाली नव्हती. बँकेत रांगेत उभी राहिली तेव्हा कळलं. दुसऱ्या दिवशी कचेरीत आली. ओरडली नाही. टेबलापाशी उभी राहून म्हणाली, "भाऊसाहेब, फोटू काढताना हसा म्हनले, म्हणून हसले."

तिनं पुढं जे केलं ते कुणीही शहाण्या माणसानं केलं असतं. चक्की विकली, निम्म्या किमतीत. गटाचं देणं फेडलं. मग नव्यानं अर्ज केला: उत्पन्नाचं साधन नाही. तलाठ्यांचा अहवाल आला, समितीची बैठक पुढं ढकलली गेली, मधे आचारसंहिता लागली. चौदा महिन्यांनी तिचं नाव परत यादीत आलं. त्या आदेशावर छाननीची सही माझीच होती. 'पात्र' लिहिताना मी एका कमावत्या बाईला पुन्हा निराधार केलं, हे मला माहीत होतं.

लहान किस्से तर कितीतरी. एक आई विचारायला आली होती की, पोराला चाकणच्या कंपनीत सात हजारांची नोकरी लागतेय, पण तो नोकरीला लागला की माझा पगार बंद होतो म्हणतात, तर त्याला जाऊ देऊ का नको? तेव्हाचा नियम तसाच होता. मी म्हणालो, जाऊ द्या. पोरगा गेला, पण पहिलं वर्षभर खोलीभाड्यातच त्याचा पैसा संपला आणि इकडं आईचं नाव निघालं. दर मार्चला मला हळद शिजवण्याच्या दिवसांतले अंगठे आठवतात. बँक मित्राच्या यंत्रावर बाया अंगठा ठेवायच्या आणि यंत्र ओळखायचं नाही. हळद काढून, वेचून रेषा झिजलेल्या, भेगांत पिवळं भरलेलं. ओल्या फडक्यानं पुसायचं, कोरडा करायचा, पुन्हा ठेवायचा. काम केल्याची साक्ष त्या बोटांवर होती, आणि त्याच बोटांमुळे आधाराचे पैसे अडायचे.

निवृत्तीनंतर मी या विषयावर मिळेल ते वाचलं. बांगलादेशात 'ब्रॅक' या संस्थेनं २००२ मध्ये अतिगरीब बायांसाठी एक पद्धत सुरू केली. आधी गाय, शेळी किंवा छोटा धंदा उभा करून द्यायचा, आणि धंद्यातून पैसा येईपर्यंत हातखर्चाची रक्कमही द्यायची. दोन्ही एकाच वेळी. बिहार सरकारनं २०१८ मध्ये 'सतत जीविकोपार्जन योजना' आणली, तिच्यात धंद्याच्या साधनाबरोबर सुरुवातीचे सात महिने दरमहा १,००० रुपये मिळतात. नवा धंदा पहिल्या दिवसापासून घर चालवत नाही, हे त्यांनी मान्य केलं आहे. ब्रिटनमध्ये मदत घेणारा माणूस कमावू लागला की ठरावीक मर्यादेनंतर कमाईच्या दर पौंडामागं ५५ पेन्स मदत कमी होते. म्हणजे मदत हळूहळू उतरते. आमच्याकडं २१,००० वर एक रुपया चढला की सगळीच जाते. पायरी नाही, थेट कडा आहे.

रेघ हलवता येत नाही असं नाही. दिव्यांगांसाठी हीच मर्यादा ५०,००० रुपये झाली. अनुदानाची रक्कमही २०१९ मध्ये सहाशेवरून हजार झाली, २०२३ मध्ये दीड हजार. सगळं हललं, विधवेच्या घराची रेघ तेवढी जागेवर राहिली. माझं स्पष्ट मत आहे की रोजगार हमीची मजुरी आणि बचतगटाच्या धंद्यातली पहिल्या दोन वर्षांची कमाई या उत्पन्नात धरूच नये. बाई काम करू लागली की दोन वर्षं पगार चालू राहिला पाहिजे. खर्च फार येणार नाही. उलट चक्क्या विकल्या जाणं थांबेल.

शासन निर्णय निघेल तेव्हा निघेल. तोवर माझी विनंती आज त्या टेबलावर बसलेल्या माझ्या तरुण सहकाऱ्याला आहे. तक्रार अर्जाला छापील पान जोडलेलं दिसलं तर आधी त्यावरचा आकडा उलाढालीचा आहे की उत्पन्नाचा, हे स्वतः जाऊन विचार. हप्ता, वीजबिल, माल यांचा हिशोब टिपणीत लिही, एक परिच्छेद जास्त झाला तरी चालेल. नोटीस तिच्या हातात पडल्याची सही किंवा अंगठा नस्तीत लाव. तिला समोर बसवून तिचं म्हणणं ऐक. हे सगळं झाल्यावरच त्या नावावर रेघ मार.